हेमराजकाकांचे भांडे

गोंदियातल्या शिकल्यासवरल्या वाचकांनो, ज्या माणसाला तुम्ही चहाच्या दुकानात बसून ‘तळ्यातला पागल’ म्हणता, तो तळ्यात भांडे कशासाठी सोडतो, हे तुमच्यापैकी एकाने तरी त्याला कधी विचारले आहे काय?

मी विचारले होते. भर दुपारी हेमराजकाका तळ्यात डोंग्यात, आपल्या लाकडी होडक्यात, बसले होते. डोक्यावर फाटकी छत्री, हातात दोरी, दोरीला पितळेचे बंद भांडे. मधूनच ते पाण्यात उतरलेल्या म्हशींवर ओरडत, “हलू नका बे! पाणी हालते!”

“काका, मासे धरून राहिले का जी?” मी तळ्याच्या बांधावरून, पाळीवरून हाक दिली.

“मोजलं का?”

“काय?”

“आजपावतो माह्या दोरीले किती मासे लागले, मोजलं का? एकही नाई. मंग मासे काऊन म्हणतेस?”

‘मोजलं का?’ हे काकांचे शस्त्र. देवळात बुवा म्हणाले, दानाचे फळ हजारपटीने मिळते; काका मागून विचारते झाले, “मोजलं का?” पुढारी म्हणाले, सारा मुलूख आमच्या पाठीशी आहे. “मोजलं का?” मी माझ्या पत्रकात छापले की लाखो लोक पेटून उठले आहेत. काकांनी पत्रक डोळ्यांजवळ धरले आणि तेच विचारले. मी रागाने पंधरवडाभर बोललो नाही. पण पुढच्या पत्रकातून लाखो गेले आणि आमच्या गल्लीतली खरी माणसे आली.

काकांचे दुसरे वेड याहून चमत्कारिक. ते कुठलाही आकडा मोठ्याने म्हणतात आणि मग थांबतात, समोरच्याकडे पाहत. आमगावच्या बाजारात काट्याकडे पाहून “अडीच शेर!” म्हणतील आणि उभे राहतील. वाणी बिचारा गोंधळतो. “हाँ महाराज, ढाई सेर. तो आगे?” तेवढ्याने काकांचा चेहरा उजळतो. तळ्यात तर ऐकणारे कोणीच नसते. तरी ते भांडे वर काढतात, त्याच्या काचेतून आत पाहतात, आकडा पुकारतात आणि क्षणभर थांबतात. मग स्वतःच लिहून घेतात.

आता ऐका, त्या भांड्यात काय आहे. सोन्याची दोन पाने, फुंकर मारली तर उडतील इतकी पातळ. त्यांना विजेचा भार दिला की ती एकमेकांपासून दूर होतात. आकाशातून रात्रंदिवस किरण पडत असतात. ते आपल्या छपरातून जातात, आपल्यातून जातात आणि वाटेत भेटलेल्या अणूचे काळीज फोडतात. किरण भांड्यात शिरले की पाने हळूहळू मिटतात. भांडे पाण्यात खोल गेले की किरण कमी पोचतात आणि पाने सावकाश मिटतात. किती खोलीवर किती सावकाश, एवढेच काकांना हवे आहे. त्यांची सारी विद्या या ‘किती’मध्ये आहे.

ही विद्या ते डोंग्यात शिकले नाहीत. हा माणूस एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षे होता. काच स्वतः फुंकायची, नळ्या स्वतः बनवायच्या, डोंगरातल्या सरोवरात कुडकुडत भांडी सोडायची. तिथला नियम असा, की एकाने आकडा पाहून पुकारायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा आणि मगच लिहायचा, म्हणजे चूक होत नाही. काका पुकारत, सोबती परत म्हणे. काम पुरे झाले, निबंध विलायतेत छापून आला. त्यावर नाव होते प्रमुखांचे आणि त्या सोबत्याचे. ज्याने आकडे परत म्हटले त्याचे नाव छापले. ज्याने पाहिले त्याचे नाही!

आणि हे प्रमुख कोणी गोरे साहेब नव्हते. आपलेच होते, खादी नेसणारे, सभेत स्वातंत्र्यावर बोलणारे. काकांनी त्यांना भर खोलीत विचारले, “तुम्ही मोजलं का?” दुसऱ्या दिवशी त्यांना दार बंद झाले. खेड्यातला, पवार शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्यासाठी कोण भांडणार? गोऱ्यांना हाकलून देऊ, पण या खुर्च्यांचे काय करू, हे मला कोणी सांगेल काय?

काका भांडे काखेत घेऊन गावी आले. बॉम्ब पडेपर्यंत त्यांना कोणी विचारले नाही. जपानवर तो पडला आणि गोंदियाचे एक भातगिरणीवाले शेठ गाडी करून आले. “प्रोफेसरसाहब, अपने लिए एक छोटा-सा बम बन सकता है क्या?”

“शेठ, तुमच्या गिरणीत धान भरडताना इतकी कणी काऊन होते? मोजलं का?”

“नहीं.”

“मंग आधी थे मोजा. माणसं मारायचं मंग पाहू.”

शेठने गावाबाहेर जाऊन ‘पागल’ म्हटले. तुम्ही तेच उचललेत.

आता मागच्या साली काय झाले ते सांगतो. आमचे तळे काकांच्या पूर्वजांनी बांधले. म्हणून मोरी, म्हणजे शेतांना पाणी सोडायचे दार, उघडायची तर पहिला हात त्याच घराण्याचा लागतो. तोवर गावात कोणी मोरीला शिवत नाही. त्या घराण्यात आता काका एकटेच उरले आहेत. तळे त्या साली काठोकाठ भरले होते. इतकी खोली काकांना गावी आल्यापासून मिळाली नव्हती. त्यांची अर्धी मापे झाली आणि पावसाने दडी मारली. धान पोटरीत आलेले, धानाच्या तुकड्यांना, बांध्यांना भेगा.

माणसे पाळीवर जमली. काका डोंगा काठाला आणेनात. शेवटी मैनाबाई पुढे झाली. तिची बांधी सगळ्यांत शेवटची, तिथवर पाणी मुश्किलीने पोचते.

“बापू, तुह्या सोन्याच्या पानायले पाणी पाहिजे, समजलं. माह्या धानाच्या पानायले नको का रे?”

काकांनी दोरी ओढायला घेतली. मग भांडे वर काढले, डोंगा काठाला लावला, नारळ फोडला आणि मोरीला हात घातला. पाणी सुटले. वर्षाचे मोजमाप त्यासोबत गेले.

मी चिडून म्हणालो, “काका, आठ दिवस थांबवलं असतं! एवढ्यासाठी जन्म घालवला ना?”

“धान थांबते का? मोजलं का?” एवढेच म्हणून ते शेताच्या बांधाने, धुऱ्याने चालू लागले, पाण्याच्या बरोबरीने, बांधीमागून बांधी, थेट मैनाबाईच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत. चिखलात वाकले, पाण्यात बोटे उभी धरली आणि सवयीने पुकारले, “तीन बोटं!”

आणि थांबले.

धुऱ्यावरून मैनाबाई ओरडली, “तीन बोटं!”

काकांनी मान वर केली. मी त्या माणसाला रागावलेले हजारदा पाहिले आहे, आणि हो, हजारदा मी मोजलेले नाही. पण दुसऱ्याने परत म्हटलेला आकडा लिहून घेताना मी तेव्हाच पाहिले.

वाचकांनो, मला तुमची हळहळ नको, मानपत्र तर मुळीच नको. तळ्यात गाळ साचला आहे. तो काढला, तर मोरी उघडल्यावरही तिच्या खाली खोल पाणी राहील. धानालाही पुरेल आणि भांड्यालाही. चैत्रात तळे आटते. तेव्हा फावडे आणि टोपले घेऊन या. मग पावसाळ्यात पुन्हा एकदा या. पाळीवर उभे राहा. काका डोंग्यातून आकडा पुकारतील. तुम्ही तो परत म्हणा.