अण्णांच्या हातचा बोल्ट

ऑइल बदलायला मेकॅनिक कशाला लागतो, असं हेडक्लार्क रविवारी चहा पिता पिता म्हणाला आणि तिथेच माशी शिंकली. (ऑफिसातही तो हेडक्लार्कच होता, पण घरात हे नाव बायकोने ठेवलं होतं, कारण तो हुकूम सोडायचा फार आणि काम करायचा बेताचं.)

स्कूटर वडिलांची, अण्णांची. अण्णा गेल्यापासून ती जिन्याखालीच उभी होती. हेडक्लार्क तिच्याखाली आडवा झाला, ऑइल सोडायच्या बोल्टला पाना लावला (जरा मोठाच होता, पण चालतंय) आणि जोर केला. पाना सटकला, कोपर फरशीवर आपटलं. आणखी दोन-चार झटक्यांत बोल्टचे कोपरे झिजून त्याची गोटी झाली.

“अण्णांचा हात होता तो,” तो खालूनच अभिमानाने म्हणाला. “त्यांनी आवळलेलं कुणाच्या बापाला सुटायचं नाही.”

खोटं नव्हतं. नळ असो की बरणीचं झाकण, अण्णांनी बंद केलं की घरच्यांनी आशा सोडायची. अण्णा फाटक्या बनियनवर स्कूटरखाली शिरायचे, शीळ घालत काम उरकायचे आणि मग मोरीत कितीतरी वेळ साबणाने हात धूत बसायचे. त्या साबणाचा आणि ऑइलचा मिळून जो वास यायचा, तोच हेडक्लार्कच्या लेखी रविवारचा वास होता.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक येऊन बघू लागला. “साहेब, छिन्नीने तोडावा लागेल.”

“तोडायचा नाही. अण्णांनी आवळलेला शेवटचा बोल्ट आहे.”

मेकॅनिक चहा पिऊन गेला. मग पक्कड झाली, रॉकेल झालं, शिव्याही झाल्या. हेडक्लार्कचे डोळे भरून आले. बायकोला त्याने रॉकेल उडाल्याचं सांगितलं.

शेवटी आई हात पुसत बाहेर आली. “बोल्टापेक्षा एक नंबर लहान सॉकेट पाना घे, हातोडीने ठोकून वर बसव आणि सावकाश फिरव.”

बोल्ट कर्रकन सुटला. काळं ऑइल परातीत आणि थोडं त्याच्या बाहीत गेलं.

“आई, तुला कसं माहीत?”

“मीच आवळलाय, मला नाही तर कुणाला माहीत असणार? अण्णांनी लावलेला प्रत्येक बोल्ट गळायचा. ते हात धुवायला गेले की मी आवळायचे. नळ, झाकणं, सगळंच.”

“मग त्यांना कधी सांगितलं नाहीस?”

“केवढा अभिमान होता त्यांना हाताचा,” आई म्हणाली. तिने तो गोल बोल्ट पदराला पुसला आणि मुठीत धरून ठेवला. “परत आले की विचारायचे, गळतंय का गं? मी म्हणायचे, थेंबसुद्धा नाही.”

हेडक्लार्कने नवा बोल्ट घेतला आणि चेहरा लाल होईपर्यंत आवळला.

“तुमचा हात अगदी अण्णांवर गेलाय,” बायको म्हणाली.

तो खूश होऊन हात धुवायला गेला. टॉवेल विसरला म्हणून परत आला, तर बायको स्कूटरखाली आडवी आणि आई तिच्या हातात पाना देत होती. “अजून अर्धा फेरा,” आई हळूच म्हणाली.

अण्णांना हात धुवायला एवढा वेळ का लागायचा, ते हेडक्लार्कला तेव्हा कळलं. तो पाय न वाजवता मागे फिरला आणि पुन्हा साबण लावू लागला.