नेपरव्हिलमधल्या जपानी प्रेमाचा मराठी अनुवाद

परदेशात मराठी माणसाच्या भावना मंडळाच्या घटनेनुसार चालतात. घटनेत तरतूद नसलेली भावना पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत थांबू शकते. सुमंतची बेचाळीस वर्षं थांबली होती.

निवृत्त इंजिनिअर सुमंत हा अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाच्या जागतिक चित्रपट उपसमितीचा अध्यक्ष. (सदस्य दोन. दुसरे दिगंबरकाका, त्यांच्याकडे चहाचं खातं.) फेब्रुवारीसाठी एक विनोदी चित्रपट ठरला होता. पण मीनाक्षी ट्रॉयहून नवऱ्यासह लेकीकडे राहायला येतेय असं कळलं आणि उपसमितीने एकमताने, म्हणजे दिगंबरकाका चहा गाळत असताना, निर्णय बदलला. आता चित्रपट जपानी होता. कॉलेजात एकमेकांच्या प्रेमात असलेले दोघं तीस वर्षांनी नूडल्सच्या दुकानात भेटतात आणि सव्वादोन तास मुद्द्याचं काही बोलत नाहीत.

मीनाक्षी इंजिनिअरिंगला सुमंतच्या वर्गात होती. चार वर्षं दोघं लायब्ररीत एकाच टेबलावर अभ्यास करत. सुमंत याला प्रेम समजत असे. मीनाक्षी काय समजते, हे विचारायचं राहून गेलं. मधेच व्हिसा आला.

उपस्थिती एकेचाळीस. (चित्रपटासाठी सात, बटाटेवड्यांसाठी तेवीस, आणि बर्फामुळे आठवडाभर घरच्यांसोबत कोंडलेले अकरा.) पडद्यावरचं इंग्रजी भाषांतर बारीक आणि सभासदांचे मोतीबिंदू पिकलेले, म्हणून अध्यक्षांनी माइकवरून मराठीत सांगायचं ठरलं.

पहिला तास अनुवाद प्रामाणिक होता. मग नायक खिडकीबाहेर बघत गप्प बसला. सुमंतने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे मीनाक्षी बसली होती, शेजारी तिचा नवरा प्रताप.

"तो म्हणतो," सुमंत माइकमध्ये म्हणाला, "शेवटच्या दिवशी मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर तासभर उभा होतो. तू आलीस, आणि मी फक्त माझा कॅल्क्युलेटर परत मागितला."

"त्याचं तोंड तर बंद आहे!" दिगंबरकाका म्हणाले.

"मनात म्हणतो."

पुढची अकरा मिनिटं नायक नूडल्स खात राहिला आणि दरम्यान मराठीत त्याने सगळं कबूल केलं: पोपटी ओढणी, न दिलेली तीन पत्रं, विमानतळावर मागे वळून पाहणं. मागच्या रांगांत नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. सुमंतचा स्वतःचाही आवाज ओला झाला.

एवढ्यात नायिकेने हातातल्या नूडल्सच्या काड्या खाली ठेवल्या आणि ती बोलली. पडद्यावर अक्षरं उमटली. सुमंतने ती वाचली आणि माइक खाली केला.

"सुमंत, काय म्हणाली रे ती?" मीनाक्षीने विचारलं.

सुमंत चष्मा पुसत राहिला. तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली सुमंतची बायको आसावरी उभी राहिली आणि तिने शांतपणे वाचून दाखवलं, "ती म्हणते, तू विचारलं नाहीस ते बरंच झालं. मला 'नाही' म्हणावं लागलं असतं."

टाळ्या पडल्या.

वड्यांच्या रांगेत मीनाक्षीने त्याला गाठलं. "काय सुंदर सांगितलंस! मला थेट आपला रवींद्रच आठवला यार. तोही असाच, मनातलं मनातच ठेवायचा."

रवींद्र सुमंतचा कॉलेजातला रूममेट होता. 'हो, आठवतो' म्हणत सुमंतने चटणी वाढून घेतली.

"कोण रवींद्र?" प्रतापने वडा खाली ठेवून विचारलं.

परतताना आसावरी ड्राइव्ह करत होती.

"अडतीस वर्षांत तू माझ्याशी सलग अकरा मिनिटं बोललेला आठवत नाही," ती म्हणाली. "जपानी माणसाच्या नावाने का होईना, बोल. हवं तर नूडल्स करते."

सुमंतला शरमेने हसूही येईना आणि रडूही. त्याने घसा खाकरला आणि घर येईपर्यंत तो बोलला. सुरुवात रस्त्यावरच्या बर्फापासून झाली, पण झाली.

पुढच्या रविवारी उपसमितीने अभिप्रायाचे फॉर्म वाटले. 'चित्रपट पाहताना कोणाची आठवण आली?' याला अडतीस जणांनी 'कोणाचीही नाही' असं उत्तर दिलं. तिघांनी जोडीदाराचं नाव लिहिलं. तिघांचेही जोडीदार तेव्हा फॉर्मवर वाकून बघत होते. काही कोरे फॉर्म शिल्लक आहेत. वाचकहो, आपल्याला हवा असल्यास कळवावं. नाव तर मघाशीच आठवून झालेलं दिसतंय.