दांडगे सरांची लढाई

दांडगे सर शाळेत यायचे तेव्हा त्यांच्या मागून तीन-चार शेळ्या चालत यायच्या. सरांनी शेळ्या पाळल्या नव्हत्या, शेळ्यांनीच सरांना धरलं होतं. सरांच्या छत्रीवर कडुलिंबाचे डहाळे बांधलेले असायचे आणि आमच्या छावणी भागातल्या शेळ्यांना ते चालतं-फिरतं झाड फार आवडलं होतं.

त्या वर्षी लढाई लागली होती. औरंगाबादेत लढाई म्हणजे चहाच्या हॉटेलातल्या रेडिओपुरती. लोक बातम्या ऐकायचे, शत्रूला दोन शिव्या द्यायचे आणि कपातला चहा बशीत ओतायचे. सरांना हा निवांतपणा बघवत नव्हता. काळी छत्री आभाळातून ठिपक्यासारखी दिसते आणि शत्रूला नेम धरायला सोपी जाते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते डहाळे.

सर नावानं दांडगे. अंगानं मात्र दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे. जोराचा वारा सुटला की यांना कोणीतरी धरावं असं वाटायचं. ते आम्हाला सातवीत भूगोल शिकवायचे. त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण सर रागावले की उर्दू बाहेर पडायचीच. "खामोश" म्हणाले की आम्ही गप्प बसायचो, "खबरदार" म्हणाले की हलायचो नाही, आणि "नामाकूल" म्हणाले की खूश व्हायचो, कारण त्याचा अर्थ वर्गात कोणालाच माहीत नव्हता.

शत्रू आमच्याच शाळेवर बाँब टाकणार, हे सरांनी नकाशावरून सिद्ध केलं होतं.

"शत्रूच्या नजरेनं बघा," ते म्हणायचे. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तुम्ही विमानात बसलाय. खाली सगळं काळं-हिरवं. एवढ्यात चमकलं काय? बीबीचा मकबरा. पांढराशुभ्र. झालं, गाव सापडलं. तिथून वळा उजवीकडं. आली छावणी. आता सांगा, छावणीत सगळ्यात पांढरं काय?"

"पांडू गवळ्याची गाय," मागच्या बाकावरून सुधाकर म्हणाला.

"नामाकूल. आपली शाळा."

शाळेला नुकताच चुना दिलेला होता. सरांनी आमच्याकडून सगळ्या भिंतींना शेण आणि माती लावून घेतली. दोन दिवसांनी भादव्याचा पाऊस आला, त्यानं निम्मी माती धुऊन नेली, आणि भिंती पट्ट्यापट्ट्यांच्या झाल्या. लांबून ओळखू येणारी छावणीतली एकमेव इमारत आता आमची शाळा होती. हेडमास्तर बघून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी मूळची पाचोडकडची. आमची मेंढरं. घरात शिकलेलं कोणी नव्हतं. मामा छावणीत टांगा हाकायचा, त्याच्या हट्टामुळं मी त्याच्याकडं राहून शाळेत जात होते. माझा आवाज मोठा होता. माळावर मेंढरांना हाका मारून तो तसा झाला होता आणि शहरात त्याचं काय करावं मला कळत नव्हतं. मी हळू आवाजात कविता म्हटली तरी शेजारच्या वर्गातली पोरं मिळून म्हणू लागायची. बाई कानावर हात ठेवायच्या. मुली हसायच्या. म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

एके दिवशी शेळ्या सरांच्या मागोमाग थेट वर्गात आल्या. एकीनं खुर्चीवर पुढचे पाय ठेवले आणि सरांच्या बगलेतल्या छत्रीला तोंड लावलं. सर "हट" म्हणाले, "हाट" म्हणाले, शेवटी "खामोश" म्हणाले. शेळीनं दुसरा डहाळा घेतला. मला राहवेना. मी उभी राहिले आणि आमच्या माळावरची आरोळी दिली, "हैऽऽऽ हुर्र्र्र हाऽऽऽ."

शेळ्या गेल्या. पहिल्या बाकावरची दोन पोरंही त्यांच्याबरोबर गेली. मधल्या सुट्टीची घंटा व्हायला वेळ होता तरी शिपायानं घाबरून ती वाजवली.

वर्ग हसायला लागला. माझे कान तापले. आता सर हाकलणार, असं वाटलं. सर जवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "बेटा, हे पुन्हा येईल का तुला?"

त्याचं असं होतं, की शाळेला भोंगा मंजूर झाला होता, पण आला नव्हता. आणि भोंग्याशिवाय सरांना हल्ल्याची तालीम घेता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या शाळेसमोर मला ओट्यावर उभं केलं. "ही भामा," ते म्हणाले. "आजपासून ही आपल्या शाळेचा भोंगा. हिला कोणी हसेल तर तो शत्रूला सामील."

पहिल्याच भोंग्याला बाजारात उभ्या असलेल्या टांग्यांचे घोडे उधळले. त्यात मामाचाही होता. आत बसलेल्या गिऱ्हाइकाला रेल्वे स्टेशनला जायचं होतं, ते गावाबाहेर मिटमिट्याच्या रस्त्याला लागलं. मामा संध्याकाळी घरी आला आणि माझ्याकडं बघून मामीला म्हणाला, "पोरगी शाळेत चमकली म्हणायची."

खरंच चमकले होते. पोरं मला वाट द्यायला लागली. मी हजेरीला तोंडानं "हजर" म्हणू लागले.

तालमीचा खंदक आम्हीच खणला होता, मैदानाच्या कडेनं, नागमोडी. पावसानं तो भरला. मी ओरडले की सगळी शाळा धावत खंदकापर्यंत यायची आणि काठावर थांबायची. आत गुडघाभर चिखल आणि बेडूक.

"बाँब की चिखल, ठरवा," सर म्हणायचे.

"बाँब," पोरं म्हणायची.

मग सर एकटेच बुटांसकट उतरायचे, कानात बोटं घालून आडवे व्हायचे आणि तिथूनच "याला म्हणतात जान वाचवणं" असं ओरडायचे. ते गमतीनं करत नव्हते. विमानाचा आवाज आला की त्यांच्या हातातला खडू तुटायचा. बाँब पडणार यावर अख्ख्या औरंगाबादेत मनापासून विश्वास असलेला तो एकच माणूस होता.

शाळेवर बाँब पडणार ही बातमी आठवडी बाजारातून पाचोडला पोचली, आणि एका सकाळी शाळेच्या फाटकात माझे आबा उभे राहिले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"चल," ते म्हणाले. "दप्तर घे. शाळंवर बाँब पडनार हाय म्हनं. तुझा मास्तरच सांगतोय की."

सर समोरच होते. आबा एकदा घेऊन गेले की परत पाठवणार नव्हते, हे मला माहीत होतं. लग्नाचं बोलणं सुरू झालंच होतं. मी सरांकडं बघितलं.

सर आबांकडं बघून हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. फार जमलं नव्हतं.

"बाँब?" ते म्हणाले. "इथं कशाला पडेल बाँब? शत्रूला काय दुसरं काम नाही?"

सगळी शाळा त्यांच्याकडं बघायला लागली.

"मग ह्यो खड्डा?" आबांनी काठीनं खंदक दाखवला.

सरांनी खंदकाकडं असं बघितलं, जणू तो आत्ताच दिसला. "ही गोदावरी," ते म्हणाले. "मी भूगोल शिकवतो. पोरांना नदी कळावी म्हणून केलीय. ते तिकडं गंगापूर, हे इकडं पैठण."

"पानी बी सोडलंय व्हय," आबा कौतुकानं म्हणाले. "आन् बेडकं."

"नदी म्हटल्यावर जलचर आलेच."

"सर," सुधाकर म्हणाला, "मग बाँब पडला की गोदावरीत उडी मारायची का?"

"खामोश," सर म्हणाले.

आबांचं समाधान झालं नव्हतं. "गुर्जी, म्या अडानी मानूस. ह्या पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगा. पडनार नाय म्हनून."

सरांनी बगलेतली छत्री भिंतीला टेकवली. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पडणार नाही," ते म्हणाले.

आणि नेमका तेव्हाच मकबऱ्याच्या बाजूनं विमानाचा आवाज आला.

कुठलं विमान होतं ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. आवाज वाढत गेला. पोरांचे पाय सवयीनं खंदकाकडं वळले आणि थांबले, कारण सर हलले नव्हते. ते तसेच उभे होते, तोंडावर ते न जमलेलं हसू घेऊन. त्यांच्या कपाळावरून घाम निघाला आणि नाकाच्या शेंड्यावर आला. माझ्या डोक्यावरच्या हातानं माझी वेणी गच्च धरली होती. विमान डोक्यावर आलं. आतून टेबल सरकल्याचा आवाज झाला. हेडमास्तर टेबलाखाली गेले होते. सरांनी मान वर करून विमानाकडं बघितलं, शेजारी राहणाऱ्या माणसाकडं बघावं तसं.

आवाज लांब गेला.

"लई मोठं असतंय की," आबा म्हणाले. मग त्यांनी घोंगडी सारखी केली. "ऱ्हाऊ द्या पोरीला. तुमी हाईसा."

ते गेल्यावर सरांनी भिंतीला हात लावला आणि तिथंच खाली बसले.

त्यानंतर तालीम काही जमेना. मी ओरडले तरी पोरं जागची हलत नसत. "सर, आज पैठणला उतरायचं की गंगापूरला?" असं विचारत. सर ऐकून घेत आणि धडा शिकवत. मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, पोरांना खरं सांगा ना." ते म्हणाले, "ते तुझ्या आबांच्या कानावर गेलं तर?"

पण त्या दिवसापासून शाळा सुटली की सर माझ्या मागून चालू लागले. दहा-पंधरा हात अंतर ठेवून, मान वर, डोळे आभाळात. रस्त्यात ते दोनदा सायकलवाल्याला आणि एकदा म्हशीला धडकले. मी मामाच्या दारात शिरले की ते परत फिरायचे. "कशाला येता सर?" मी विचारलं.

"मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "आणि शत्रूला तो माहीत नाही."

लढाई थांबल्याचं रेडिओवर आलं त्या दिवशी शाळा लवकर सुटली. सर तरीही मागून आले. मामीनं त्यांना बळेच आत बोलावलं. ते भिंतीला टेकून बसले, अर्धा कप चहा प्यायले, आणि बसल्या बसल्या झोपी गेले. तोंड उघडं, कप हातात. मामीनं कप अलगद काढून घेतला.

दिवेलागण झाली तरी ते उठले नाहीत. मामा टांगा सोडून आत आला आणि दारातच थबकला.

"सरांच्या घरी निरोप सांगून येऊ का?" त्यानं हळूच विचारलं. "वाट बघत असतील."

"कोणी नाही वाट बघायला," मी म्हटलं. "भाड्याची खोली आहे. एकटेच असतात."

मामीनं कंदील त्यांच्या डोळ्यांवर येणार नाही असा कोपऱ्यात सरकवला, आणि परातीत आणखी दोन भाकरींचं पीठ घेतलं.