रीतसर सांगा!

धावून आलेल्या माणसाला लोक पाणी विचारतात. ढमढेरेकाका त्याला कारण विचारतात.

म्हणजे बघा, तुम्ही नेहरू पार्कच्या फेऱ्या मारून कट्ट्यावर कोसळलेल्या असता. श्वास छातीत मावत नसतो. तेवढ्यात माकडटोपी घातलेला एक उंच, किंचित वाकलेला म्हातारा समोर येऊन उभा राहतो.

"नीलिमाबाई, दुसऱ्या वळणावर थांबलात. का?"

"दम लागला, काका."

"दम लागणं हे लक्षण झालं. मूळ कारण? काल काय जेवलात?"

"छोले."

"घरचे का बाहेरचे?"

"बाहेरचे. अहो, पण..."

"असं तुटक नको. रीतसर सांगा."

आता धापा टाकणाऱ्या बाईने छोल्यांची हकीकत रीतसर कशी सांगायची? पण सांगावी लागायची. दुकान कुठलं, बरोबर कोण होतं, भटुरे किती खाल्ले, त्यावर नवरा काय म्हणाला. सगळं वदवून घेतल्याशिवाय हा माणूस हलायचा नाही. काकांची सगळी नोकरी फरीदाबादच्या एका कारखान्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग तपासण्यात गेली. कारखाना सुटला तरी तपासणी सुटली नाही, एवढंच.

आमचं हे रविवारचं मंडळ म्हणजे दिल्लीतल्या धावणाऱ्या मराठी माणसांचा एक लहानसा कंपू. धावणाऱ्या हा शब्द मी जरा उदारपणे वापरतेय. मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. शुगर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि जिद्दीला पेटून मी धावायला लागले. मुल्लासाहेब मूळचे सांगलीचे, मंत्रालयात हिशेबाच्या कामावर. पोटाने नाजूक आणि शर्यतींची हौस दांडगी, त्यामुळे त्यांची प्रत्येक शर्यत रस्त्यापेक्षा आडोशालाच जास्त रंगते. तिसरा ओंकार. नाशिकचा पोरगा, गुडगावच्या कंपनीत नोकरीला. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या हृदयाचे ठोके मोजतं, झोप मोजतं आणि वर त्याला रागावतंसुद्धा.

आणि ढमढेरेकाका. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, म्हणून हा माणूस थेट फरीदाबादहून जुन्या स्कूटरवरून यायचा. जानेवारीच्या धुक्यात, स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्र खोचून. अंगात इस्त्रीची फुलपँट. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, शाळेत पी.टी.ला घालायचो ना, तसले. आणि पांढरे म्हणजे पांढरेशुभ्र! आमचे महागडे बूट चिखलाने बरबटलेले असायचे, काकांचे मात्र दर रविवारी नवे कोरे दिसायचे. मुल्लासाहेब म्हणायचे, "काका, हे बूट तुम्ही पळायला घालता का पूजेला?" काका नुसते हसायचे.

धावायचे म्हणाल तर एकच फेरी. तीही अर्धी चालत, कारण मध्येच कुत्रं दिसलं, माळी दिसला, कोणी भांडताना दिसलं की थांबून बघायचे. खरा उत्साह नंतर. पार्काबाहेर सायकलवर चहावाला उभा असतो. त्याचा चहा घेऊन आम्ही कट्ट्यावर ओळीने बसायचो आणि एकेकाने आपला आठवडा सांगायचा. किती धावलो, कुठे धावलो, शर्यत असली तर शर्यतीत काय झालं. या कार्यक्रमाला काकांनी नाव दिलं होतं 'हकीकत'. मधे कोणी पाल्हाळ लावलं तर आम्ही जांभया द्यायचो. काका उलट म्हणायचे, "घाई नको. त्या बिस्किटवाल्याचं राहिलं."

आणि शेवटची हकीकत संपली रे संपली, की स्वारी चहाचा कप अर्धा टाकून उठायची. "चला, गार व्हायच्या आत पोचलं पाहिजे." काय गार होणार होतं देव जाणे. आम्हाला वाटायचं, काकू नाश्त्याला वाट बघत असतील.

एक दिवस ओंकार म्हणाला, "यार, हे तोंडी कशाला सांगायचं? ॲपवर सगळं येतंच ना. ग्रुपवर टाकत जाऊ. थंडीत इथे बसून कुल्फी होते."

बिल्कुल बरोबर, असं सगळ्यांनाच वाटलं. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा. कट्टा बर्फासारखा गार पडायचा आणि घरी रजई वाट बघत असायची. पुढच्या रविवारपासून धावणं झालं की जो तो आपापल्या गाडीकडे. दुपारी ग्रुपवर आकडे यायचे. नकाशावर लाल रेघ, खाली अंतर, वेळ, वेग. बाकीचे अंगठे दाखवायचे. झाली हकीकत.

काका फोन डोळ्यांजवळ धरून त्या लाल रेघेकडे बघत राहायचे. "अरे ओंकार, यात तू कुठे आहेस? ही तर रेघ आहे. हे घरी काय सांगू मी?"

"घरी कशाला सांगायचंय, काका?" ओंकार हसत म्हणाला आणि गेला.

त्यानंतर काका आम्हाला गाडीपाशी गाठायला लागले. "नीलिमाबाई, दोनच मिनिटं. रीतसर नको, थोडक्यात सांगा." काका आणि थोडक्यात! तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की प्रकरण साधं नाही. पण मी म्हटलं, रिटायर्ड माणूस, वेळ जात नसेल. बायकोशी बोलून बोलून किती बोलणार?

असं बरेच रविवार चाललं. मग एका रविवारी काकांची स्कूटर रुसली. किक मारून मारून बिचारे लाल झाले. मी म्हटलं, चला, मी सोडते. नको नको म्हणत बसले शेवटी गाडीत. वाटेत एरवीसारखा एकही प्रश्न नाही. फरीदाबाद आलं तशी त्यांची चुळबूळ सुरू झाली. "कोपऱ्यावरच सोडा. गल्ली अरुंद आहे." गल्ली चांगली ट्रक जाईल एवढी रुंद होती.

कोपऱ्यावर सोडून मी गेलेही असते हो. पण पार्कातून निघताना मी दोन कप चहा प्यायले होते, आणि मधुमेही बाईच्या अडचणी सभ्य माणसांत सांगायच्या नसतात. मी सरळ म्हटलं, "काका, मला बाथरूमला जायचंय." यापुढे कुठल्या मराठी माणसाची नाही म्हणायची छाती आहे?

जिन्यात अर्ध्यावर काका थांबले. माकडटोपी काढून हातात धरली.

"एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्या आठवड्यात आग्र्याला पळून आलात."

"मी?"

"शर्यतीला. दुसरा नंबर आला. आत काही विचारलं तर फक्त हो म्हणा."

"अहो, पण काय विचारलं तर?"

"काहीही," काका म्हणाले आणि दार उघडलं.

खिडकीशी पलंग होता. पलंगावर उशांना टेकून काकू बसलेल्या. उजवा हात मांडीवर निपचित, जणू दुसऱ्या कोणाचा तिथे राहून गेलेला. अर्धांगाचा झटका येऊन खूप वर्षं झालेली दिसत होती, कारण खोलीतली प्रत्येक वस्तू त्यांच्या डाव्या हाताच्या टप्प्यात मांडलेली होती. पाणी, चष्मा, रेडिओ. आणि खिडकीच्या कठड्यावर बुटांना लावायच्या पांढऱ्या पॉलिशची बाटली.

"ये, ये! नीलिमा ना तू? धापा टाकण्यावरूनच ओळखलं. हे नक्कल करतात तुझी." चेहरा एका बाजूने थोडा ओढलेला, पण आवाज खणखणीत. "आग्र्याला दुसरी आलीस म्हणे! पायातला गोळा कसा गं सुटला? दगडाने चोळलास ना?"

मी काकांकडे बघितलं. काका छताकडे.

"हो," मी म्हटलं, "दगडानेच."

बाथरूममधून आले तर काकूंची पुढची चौकशी तयार. ओंकारचं त्या पंजाबी धावपटू मुलीशी जमलं का? मुल्लासाहेबांनी पदक कुठे लावलंय? आमचा ओंकार मुलगी दिसली की घड्याळात बघतो. मुल्लासाहेबांना पदक कोण देणार? पण मी हो हो करत राहिले. घाम शर्यतीपेक्षा जास्त आला.

काका चहा टाकायला आत गेले. काकूंनी आवाज एकदम खाली आणला.

"आग्र्याला गेली नव्हतीस ना तू?"

यावर हो म्हणायचं का नाही, हे काकांनी शिकवलं नव्हतं.

"अगं, घाबरू नकोस. मला केव्हाच कळलंय. पहाडगंजच्या शाळेत पी.टी. शिकवायचे मी. शर्यती घेण्यात जन्म गेला. हे तर तेव्हा बसपर्यंतसुद्धा पळायचे नाहीत. मी पडले अंथरुणात, तेव्हा म्हटलं, आता तुम्ही जा माझ्या बदली. पळा आणि काय काय होतं ते येऊन सांगा. तेव्हापासून जातात. बूट मीच पांढरे करून देते शनिवारी, एका हाताने." त्या हसल्या. "काय हकीकती आणायचे गं! तुझे छोले, मुल्लांचं पोट, ओंकारचं ते घड्याळ. मी इथे बसून तुमच्याबरोबर पळायचे. मधेच एकदम सगळं बदललं. तू दुसरी, मुल्ला तिसरे, ओंकार पहिला. लोक जिंकायला लागले, तेव्हाच ओळखलं मी."

आत कपबश्या वाजल्या. काकूंनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. पकड चांगली घट्ट होती.

"रचून सांगतात बिचारे. सोमवारपासून डोकं खपवतात पुढच्या रविवारसाठी. जन्मात कधी खोटं बोलले नाहीत, त्यामुळे जमत नाही. पण मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस हं. फक्त, जमलं तर, पुन्हा काहीतरी खरं सांगत जा गं त्यांना. पडझड चालेल. मला रविवार सोडला तर बाकी काय आहे?"

काका ट्रे घेऊन आले. "काय गप्पा चालल्यात?"

"आग्र्याच्या," काकू म्हणाल्या.

परत येताना मी फरीदाबादच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन चांगली रडले. मग तिथूनच ओंकारला आणि मुल्लासाहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. ओंकार म्हणाला, "ताई, मी त्यांना म्हटलं होतं ना, घरी कशाला सांगायचंय म्हणून." मुल्लासाहेब म्हणाले, "काळजी करू नका. माझं पोट आहे तोवर काकांना काही कमी पडणार नाही."

त्या शनिवारी फरीदाबादलाच एक लहानशी शर्यत होती. मी नाव दिलेलं होतं. रविवारी धावणं झाल्यावर आम्ही तिघे निमूटपणे कट्ट्यावर जाऊन बसलो. काका स्कूटरकडे निघाले होते, ते थबकले.

"आज घरी नाही जायचं?"

"हकीकत आहे ना, काका," मुल्लासाहेब म्हणाले.

काका बसले. घाईघाईने बसले, आम्ही विचार बदलू म्हणून. आधी ओंकार बोलला. घड्याळ खिशात घालून. म्हणाला, बुधवारी धावताना एकदम रडू आलं, कारण काही नव्हतं, मग फुटपाथवर बसून आईला नाशिकला फोन केला, ती म्हणाली आधी काहीतरी खा. काकांनी विचारलं, "मग काय खाल्लंस?" ओंकार म्हणाला, "भुट्टा." "लिंबू लावून?" "हो, काका. लिंबू लावून." मुल्लासाहेबांची हकीकत मी इथे सांगू शकत नाही. ती फार तपशीलवार होती.

मग मी सांगितलं. शर्यतीत मी शेवटून तिसरी आले. पाणी देणारी माणसं टेबलं आवरत होती. एक बाई स्वतःच्या नवऱ्यासाठी टाळ्या वाजवत होती, तो येईना, म्हणून तिने त्या मला वाजवल्या. काका पुढे सरकून ऐकत होते, ओठ हलवत, पाठ करणाऱ्या पोरासारखे.

"साडी का पंजाबी ड्रेस?"

"पंजाबी ड्रेस. पिवळा. वरून नवऱ्याचं जॅकेट."

"आणि शेवटी तो आला का?"

"आला. शेवटून दुसरा. तिने मग परत टाळ्या वाजवल्या."

काका चहा अर्धा टाकून उठले. स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली आणि पांढरेशुभ्र बूट वळणावरून दिसेनासे झाले.

दुपारी मी जेवून आडवी झाले होते, तर फोन वाजला. काकांचा नंबर, पण आवाज काकूंचा. खणखणीत, थेट मैदानावरचा.

"शेवटून तिसरी आलीस म्हणे? शाब्बास गं माझी बाई! शाब्बास!"

मागून काकांचा आवाज येत होता, "अगं, तिला विचार, त्या नवऱ्याने जॅकेट परत मागितलं का? ते विचारायचं राहिलंय."

"थांब, हे काय म्हणतायत बघ," काकू म्हणाल्या. "सांग गं. आणि घाई करू नकोस. रीतसर सांग."

मी डोळे पुसले, उठून बसले आणि सांगायला लागले.