लाकडी मुठीचं झाकण

"आपल्या मजल्यावर आग लागली तर जबाबदारी कोण घेणार?" असं साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं आणि नेमका त्याच वेळी पंखा जरा कमी करा हे सांगायला मी हात वर केला. टाळ्या वाजल्या. (पंखा शेवटपर्यंत तसाच होता.) दुसऱ्या दिवशी मला लाल हेल्मेट, शिट्टी आणि एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. आयुष्यात प्रथमच आपल्याला एखाद्या विषयातलं कळतं असं मला वाटू लागलं.

ऑफिसात आग काही लागेना. आमच्या कॅन्टीनवाल्याची शेगडीच धड पेटत नाही, तिथे आग कुठून लागणार? मग मी घराकडे लक्ष वळवलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर आग विझवायचं एक लाल नळकांडं टांगलं. घरी आशेला जागा होती, कारण माझी बायको मेणबत्त्या करते.

तिची खरी नोकरी म्हणजे वॉशिंग मशीनच्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घेणं. दिवसभर अनोळखी माणसांची बोलणी खायची आणि वर त्यांचेच आभार मानायचे. घरी आली की बराच वेळ ती नुसती भिंतीकडे बघत बसायची, ते बघून मला फार वाईट वाटायचं. त्या रविवारी संध्याकाळी एक हॉटेलवाले तिच्या मेणबत्त्या बघायला येणार होते. त्यांना पसंत पडल्या तर कायमची ऑर्डर मिळणार होती आणि ती नोकरीला रामराम ठोकणार होती.

दुपारी शेवटचं मेण वितळत ठेवून ती खाली दुकानात खोके आणायला निघाली.

"अहो, नुसतं लक्ष ठेवा. धूर दिसला तर गॅस बंद करायचा आणि वर हे झाकण ठेवायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला हे सांगत होती. मी हेल्मेट चढवलं आणि पाहणी सुरू केली.

पहिला नियम, ज्वालाग्राही वस्तू दूर न्या. पडदे, रद्दी, पोळपाट, सगळं बाल्कनीत नेलं. झाकणाला लाकडी मूठ होती, म्हणून तेही नेलं. दुसरा नियम, आच चुकून वाढू देऊ नका. मी शेगडीचं बटणच उपटून काढलं. (घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, पण नियम तो नियम.) तिसरा नियम ऐकताना तर वर्गात माझ्या अंगावर काटा आला होता. पेटत्या मेणाजवळ पाणी न्यायचं नाही. आणि आमच्या ओट्यावर मेणाचं भांडं चक्क गरम पाण्याच्या पातेल्यात उभं होतं! या बाईचं नशीब म्हणून इतके दिवस निभावलं. मी पाण्याचं पातेलं काढलं, मेणाचं भांडं थेट आचेवर ठेवलं आणि समाधानाने खुर्चीत बसलो.

थोड्या वेळाने धूर आला. त्यामागून ज्वाळा आली. मी शिट्टी वाजवली. ज्वाळेवर काही परिणाम झाला नाही, म्हणून बायकोला फोन लावला.

"घरात आग लागलीय."

"आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," ती सवयीने म्हणाली. मग म्हणाली, "कोण, तुम्ही? गॅस बंद केलात?"

"बटण सापडत नाहीये."

"झाकण ठेवा."

"बाल्कनीत आहे."

"बाल्कनीत कशाला?"

"लाकडी मूठ आहे ना त्याला. पेटेल."

तिने अगदी थंड आवाजात सांगितलं, "सिलेंडरचा नॉब फिरवा. आणि भिंतीवर तुमचं ते लाडकं लाल नळकांडं आहे ना, ते लांब उभं राहून मारा. मी आलेच."

मी नॉब फिरवला आणि मारलं. आग पहिल्याच फवाऱ्यात विझली, पण नळकांडं संपेपर्यंत मी थांबलो नाही. त्यातल्या भुकटीचा धुरळा खाली बसला तेव्हा ओटा, कपाट, मी आणि ओळीने मांडलेल्या सगळ्या मेणबत्त्या पांढरेफटक झालो होतो. बायको दारात खोके धरून उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीकडे बघत बसली. (बटण माझ्या शर्टाच्या खिशात निघालं. ते तेव्हा सांगण्यात अर्थ नव्हता.)

तेवढ्यात हॉटेलवाले आले.

"हा पांढरा मुलामा कसला?" त्यांनी एक मेणबत्ती उचलून विचारलं.

"यांनी विझवल्यात," बायको म्हणाली.

"पेटवायच्या आधीच?"

"हो."

त्यांनी लायटर काढला. वात पेटेना. दुसरी घेतली, तिसरी घेतली. वातींत भुकटी इतकी मुरली होती की एकही पेटेना. हॉटेलवाले मटकन खुर्चीत बसले. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मागे माझ्या हॉटेलात एका गिऱ्हाइकाचा टाय पेटला. तेव्हापासून मेणबत्ती दिसली की मला घाम फुटतो. पण टेबलावर मेणबत्ती नसली तर जोडपी येत नाहीत. या पेटणार नाहीत, याची खात्री देता?"

"पण गिऱ्हाइकांना काय सांगाल?" मी विचारलं.

"वेटर पेटवायचा प्रयत्न करत राहील. तोवर जेवण उरकतं."

बायको उठली, पदर झटकला आणि तक्रार विभागातल्या गोड आवाजात म्हणाली, "पूर्ण खात्री देते. आमची प्रत्येक मेणबत्ती तज्ज्ञाकडून तपासलेली असते."

त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली. आता ती हसत घरात वावरते, वाती भुकटीत घोळवते आणि ऑर्डरी पुऱ्या करते. मला मनापासून आनंद होतो. फक्त मेण वितळवायच्या आधी ती माझ्याच नियमाप्रमाणे वागते. पडदे बाल्कनीत, रद्दी बाल्कनीत, पोळपाट बाल्कनीत आणि हेल्मेट घालून मीही बाल्कनीत. कडी आतून.

झाकण मात्र आत असतं. त्यालाही लाकडी मूठ आहे, मग ते कसं चालतं, असं मी एकदा खिडकीतून विचारलं.

"त्याचा उपयोग होतो," ती म्हणाली.