निमकरकाका ऐकायला शिकतात

आमच्या अपार्टमेंटची लिफ्ट बंद पडली तर वॉचमनला सांगावं, सेक्रेटरीला सांगावं, अगदीच कोणी नसेल तर देवाला सांगावं. निमकरकाकांना सांगू नये.

मी एकदा सांगितलं. एचएसआर लेआउटमधलं ऑफिस ते आमचं घर म्हणजे अर्धं बंगळूर. तेवढा ट्रॅफिक खाऊन, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन, जिने चढून वर आले तर समोरच्या दारात काका उभे. मी धापा टाकत म्हटलं, "काका, लिफ्ट पुन्हा बंद."

काकांनी चष्मा काढला, मान किंचित तिरकी केली आणि अतिशय मायेने म्हणाले, "लिफ्ट बंद पडल्यामुळे तुला अडकल्यासारखं वाटतंय."

"अडकल्यासारखं नाही हो, पाय दुखतायत."

"पाय दुखतायत, आणि ते कोणी समजून घेत नाही, असं मला ऐकू येतंय."

समजून घ्यायची एवढी हौस असेल तर निदान एक पिशवी धरा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण काकांच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाची कळा होती. मी निमूटपणे कुलूप उघडलं. मागून त्यांचा आवाज आला, "बोलावंसं वाटलं तर मी आहे हं, अनघा."

हा छळ सगळ्या बिल्डिंगने सोसला आहे. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी पाण्याच्या टँकरवाल्याच्या नावाने खडे फोडत होते, तर काका उठून म्हणाले, "टँकर आला नाही म्हणून तुम्हाला एकटं पाडल्यासारखं झालंय." सेक्रेटरी गप्प झाले ते झालेच, आणि टँकरचा विषय राहून गेला. खाली पालेभाजी विकणाऱ्या अक्कांना त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "निमगे बेजारागिदे, अल्वा?" तुम्हाला वाईट वाटतंय, नाही का? अक्का म्हणाल्या, "बेजार इल्ला सार, चिल्लरे कोडी." वाईटबिईट काही नाही, सुट्टे द्या.

तर निमकरकाका क्लिनिकल सोशल वर्कर होण्याच्या वाटेवर आहेत. साठी उलटल्यावर.

मूळचे ते मिरजेचे. तरुणपणी बंगळूरला आले आणि पीण्या या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि केसभर जरी इकडचा तिकडे असला तरी लाल शिक्का मारून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. कारखाना सुटला तरी सवय सुटली नाही. गणपतीत आमच्याकडे मोदकांचं ताट समोर आलं की पहिला मोदक हातात घेऊन फिरवून बघत आणि म्हणत, "पाकळ्या ठीक. बूड स्वल्प जाड आहे. चालेल." चालेल हे त्यांच्याकडचं सर्वोच्च प्रशस्तिपत्र होतं. माझ्या नवऱ्याला, नितीनला, ते अजून मिळालेलं नाही.

जिथे दोष दिसला तिथे उपाय सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. कंबर दुखते म्हणा, ते गादी उलटी करायला येत. मुलगा अभ्यास करत नाही म्हणा, ते टेबलाचा पाय तपासत. दुसऱ्या मजल्यावरच्या राव कुटुंबातले आजोबा गेले तेव्हा काका भेटायला गेले, हात जोडले, दोन मिनिटं बसले, पाय धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले आणि बाहेर येऊन रडणाऱ्या मुलाला म्हणाले, "गीझरचं अर्थिंग बघून घ्या." वाईट हेतू नव्हता हो. आजोबा गेले याला उपाय नव्हता, गीझरला होता.

असा हा माणूस बायको, म्हणजे आमच्या मालतीकाकू, गेल्यावर वर्षभराने समाजकार्याची पुस्तकं आणून बसला, तेव्हा आम्ही सगळे गालातल्या गालात हसलो. काकांनी दूरशिक्षणातून पदवी घेतली, तीही पहिल्या वर्गात. पण नुसत्या पदवीवर कोणी तुम्हाला दुसऱ्याच्या दुःखासमोर बसू देत नाही. आधी एखाद्या अनुभवी माणसाच्या नजरेखाली काही शे तास काम करायचं. प्रत्येक तासाचा हिशेब त्या माणसापुढे मांडायचा, त्याने सही केली तरच तो तास धरायचा. सगळे तास भरले की मग तुमची स्वतंत्र खुर्ची.

काकांना नजरेखाली घेतलं ते शैलजा मॅडमनी. पीण्यात एका वर्कशॉपच्या वर कामगारांसाठी समुपदेशन केंद्र आहे, तिथल्या त्या प्रमुख. वयाने काकांच्या भाचीएवढ्या. जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर शिक्के मारलेले काका त्या आत आल्या की ताडकन उभे राहत. आणि मॅडम लाल शिक्का मारण्यात काकांच्याही वरताण निघाल्या.

"आज काय झालं काका?" मी विचारायची.

"रिजेक्ट."

पहिल्याच महिन्यात एक लेथवर काम करणारा माणूस आला. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, बायको माहेरी जाते म्हणते. काकांनी तिसऱ्या वाक्याला विचारलं, "मशीन कुठलं?" त्याने सांगितलं. काकांचे डोळे चमकले. मशीन हादरतं का? हादरतं. मग दोघे सरळ त्याच्या वर्कशॉपमध्ये गेले, काकांनी जमिनीवर आडवं होऊन पाहिलं, खालचे बोल्ट ढिले होते ते आवळून घेतले, आणि माणूस खूश होऊन शिफ्टवर गेला. परत आल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, तो झोप लागत नाही म्हणून आला होता."

"आता मशीन हलत नाही. लागेल झोप."

"आणि बायको?"

काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्या मुद्द्यावर तपासणी अपुरी राहिली होती.

पण सगळ्यावर कडी केली ती माशाने. कारखान्यात एखादा दोष कुठून आला ते शोधायला एक आकृती काढतात, माशाच्या सांगाड्यासारखी. डोक्यापाशी दोष लिहायचा आणि एकेका काट्यावर एकेक कारण. एक बाई सासूची गाऱ्हाणी घेऊन आल्या. काकांनी अर्धा तास मन लावून ऐकलं, मॅडमना वाटलं, आलं गाडं रुळावर! ऐकता ऐकता काका मासा काढत होते. अंगठ्या, दिराचं लग्न, स्वयंपाकघरातली मांडणी असे काटे, आणि डोक्यापाशी ठळक अक्षरांत 'सासू'. बाईंना तो इतका आवडला की त्या कागद घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आत सासूबाई हजर. मला माशाचं डोकं कोणी केलं, त्याला बाहेर काढा, असं त्या पायरीवर बसून कन्नड आणि तेलुगू अशा दोन भाषांतून म्हणत होत्या. आमच्या घरी पाच पिढ्यांत कोणी मासा शिवला नाही, हे त्यांचं वेगळं दुःख.

मॅडमनी त्या दिवसापासून काकांना कागदपेन्सिल बंद केली. सल्लाही बंद. "सर, फक्त ऐकायचं. समोरच्याचं बोलणं नीट पोचलं का, तेवढं त्याला परत सांगून बघायचं." काकांनी हे सूत्र कारखान्यातल्या परिपत्रकासारखं पाळलं आणि सरावासाठी आमची बिल्डिंग घेतली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मध्ये एक दिवस ते फार खचलेले दिसले. मी चहाला बोलावलं तर म्हणाले, "मॅडमनी आज स्पष्ट सांगितलं, अनघा. म्हणाल्या, सर, तुम्ही माणूस फार चांगले आहात. पण तुमच्यासमोर बसलेल्याला आपण दुरुस्तीला आलोय असं वाटतं. हा महिना बघते. नाही जमलं तर तुम्ही केंद्राचं ऑफिस सांभाळा, पंखे सांभाळा, माणसं नको."

"मग पंखेच बघा ना काका," मी हसून म्हटलं. "या वयात कशाला हा व्याप?"

ते हसले नाहीत. "नाही, पंखे नकोत," एवढंच म्हणाले आणि कप धुवून ठेवून गेले.

त्याच महिन्यातला एक रविवार. दुपारची वेळ, नितीन बाहेर गेलेला. मी सांगलीला आईला फोन लावला होता. आई अलीकडे विसरायची, पण ते सगळ्यांच्याच आया विसरतात तसं, चष्मा, गॅस, वार. त्या दिवशी मी नेहमीसारखं "काय करतेस?" म्हटलं, आणि आई अगदी अदबीने म्हणाली, "माफ करा हं, आपण कोण बोलताय?"

आई मला आपण म्हणाली. मी अनघा म्हटलं, तर "अनघा शाळेत गेलीय, आल्यावर निरोप सांगते," म्हणाली आणि फोन ठेवला.

घरात थांबवेना म्हणून मी बाहेर जिन्यापाशी येऊन उभी राहिले. काका पेपरची रद्दी ठेवायला दार उघडून बाहेर आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि रद्दी तशीच आत ठेवून म्हणाले, "ये."

मी आत जाऊन बसले आणि सांगितलं. सांगताना मनातून तयारीही करत होते. आता न्यूरॉलॉजिस्टचा नंबर येणार. बदाम येणार. शब्दकोडी येणार. तिला इकडे आण, बाथरूमला दांडा बसव, मी मापं घेऊन ठेवतो. नाहीतर मग ते दुसरं, "आई विसरल्यामुळे तुला हरवल्यासारखं वाटतंय." तसं म्हणाले असते तर मी उठून गेले असते, खरंच सांगते.

काकांनी एकदा तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग ते काहीच बोलले नाहीत. समोरच्या खुर्चीत नुसते बसून राहिले. माझ्याकडे टक लावूनही पाहत नव्हते आणि नजर चुकवतही नव्हते. मी आईबद्दल बोलत राहिले. ती माझ्या वेण्या किती घट्ट घालायची, शाळेतून यायला उशीर झाला की कोपऱ्यावर कशी उभी असायची. बोलता बोलता लक्षात आलं की ती आजही कोपऱ्यावरच उभी आहे, मी शाळेतून यायची वाट बघत. तेव्हा मात्र मला रडू आवरेना. काकांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला तेवढाच.

किती वेळ गेला कोण जाणे. खालून मुलांच्या क्रिकेटचा गलका ऐकू यायला लागला तेव्हा मी डोळे पुसले. फार दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. जरा ओशाळून म्हटलं, "काका, हा तास धरा. मॅडम सही करतीलच, मी सांगते त्यांना."

"छे! नाही धरता येत," काका दचकून म्हणाले. "ओळखीच्या माणसाचा धरत नाहीत. शेजाऱ्याचा तर नाहीच नाही. नियम आहे."

"म्हणजे फुकट गेला की हो तुमचा."

काका कारखान्यातला अहवाल वाचावा तशा कोरड्या आवाजात म्हणाले, "मालती असताना आपल्याकडे किती माणसं यायची, आठवतं ना? राव बाई, वॉचमनची बायको, तू. ओट्याशी उभं राहून तासन् तास. मला वाटायचं, निमकरांकडे येतात. ती गेली, आणि एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत बेल वाजलेली नाही. मला वाटलं, बिघडली. स्टूल घेतलं, उघडली. वायर तपासली, बटण बदललं." ते थांबले. "बेल ठीक होती."

मला खूप काही बोलावंसं वाटलं. तसं नाही हो काका, आम्ही कामात असतो, ट्रॅफिक असतो. सगळं खोटं नव्हतं, पण उपयोगाचंही नव्हतं. आम्ही दोघेही बसून राहिलो, आणि खाली कोणीतरी आउट झाल्याचा आरडाओरडा चालू होता.

महिना संपला. मॅडमनी काकांना काढलं नाही. पासही केलं नाही, नुसती मुदत वाढवून दिली आहे, कारण मधे एका बाईंना त्यांनी कुकरची रिंग बदलायला सांगितली. तास हळूहळू भरतायत. काका म्हणतात, रिजेक्टचं प्रमाण कमी आहे. मी सांगलीला जाऊन आले. आईने मला ओळखलं, मग विसरली, मग पुन्हा ओळखलं. आल्या आल्या हे कोणाला तरी सांगायचं होतं.

रविवारच्या संध्याकाळी समोर गेले. काकांचं दार सताड उघडं होतं. आत स्वयंपाकघरात ते पाठमोरे दिसतही होते. मी उंबऱ्याबाहेरच थांबले आणि बेल वाजवली.

हातातला चमचा तसाच घेऊन काका धावत आले. दार उघडं होतं, मी समोर दिसत होते, तरी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत होते, "आलो, आलो, आलो!"