गयाक्का आणि माझं बाकडं

औशाकडून लातूरला जाणारी सकाळची एसटी आमच्या फाट्यावर थांबते, ती काही तिथं थांबा आहे म्हणून नव्हे. भर रस्त्यात माझ्या हॉटेलातलं बाकडं टाकून त्यावर गयाक्का बसलेली असते म्हणून!

हॉटेल म्हणजे चहाची टपरीच हो, आणि बाकडं एकच. गिऱ्हाईक उभ्यानं चहा पितं आणि ही बाई रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसते. "अक्का, माझा धंदा बुडला की!" म्हटलं तर म्हणते, "बुडू दे. पोरी लई उशीर उभ्या हायेत."

पोरी म्हणजे लातूरला शिकायला जाणाऱ्या गावातल्या पासवाल्या पोरी. गाडी भरलेली असली की ड्रायव्हर फाट्यावर ब्रेकच लावत नाही. म्हणून हा बंदोबस्त. "शेवटची पोरगी चढल्याबिगर चाक हललं, तर माझ्या अंगावरून हलंल!" हे अक्काचं रोजचं वाक्य. ड्रायव्हर हॉर्न बडवतो, कंडक्टर हात जोडतो. अक्का निवांत तंबाखू मळते.

वीसेक वर्षांपूर्वी तिची स्वतःची पोरगी, सुनीता, दहावीत होती. एका संध्याकाळी लातूरहून येणारी गाडी तिला न घेताच निघून गेली. बिचारी अंधार पडल्यावर जीपनं घरी आली. गावाची तोंडं सुटायच्या आत अक्कानंच तिची शाळा बंद केली आणि बिलोलीकडं लग्न लावून दिलं. चूक गाडीची, भोगलं पोरीनं. गावाला सगळं माहीत आहे, पण अक्कापुढं बोलायची कुणाची छाती नाही.

मध्यंतरी सुनीताचा फोन आला. "माय, तुझ्या नातीचं शिकणं बंद करून राहिलेत. कॉलेज लांब, एसटीचा भरवसा न्हाई म्हणतेत. तू ये." अक्का त्याच एसटीत चढून तरातरा गेली. आता जावयाचं काही खरं नाही, म्हणून मी मनातल्या मनात हसलो.

दोन दिवसांनी परत आली. सकाळी बाकड्यावर बसली, पण टपरीतच. मी चहा पुढं केला. "काय झालं, अक्का?"

"जावई म्हणला, तुमी तुमची पोरगी शिकविली का?"

"मग?"

"सुनी माझ्याकडंच बघून राहिली होती रे, माय काय बोलती म्हणून. काय बोलू? आले उठून."

तेवढ्यात एसटी दिसली. अक्का हलेना. पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. शेवटी मीच अक्काला उठवलं, बाकडं रस्त्यात टाकलं आणि हाताला धरून तिला त्यावर बसवलं. ती तोंडाला पदर लावून रडत बसली. पोरी एकेक करून चढल्या.

त्या दिवशी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही.